साहेब, आकाशात कोणी एक्स-रे मारत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी अमळनेरचा. सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे. तुमचा पेपर सकाळी चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, निधन वार्तासकट. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एक छोटी बातमी दिली होती, निळ्या-जांभळ्या फोटोसकट. दुर्बिणीने आकाशगंगांच्या समूहाचा एक्स-रे काढला असं वर मोठ्या अक्षरात आणि खाली लिहिलेलं की शास्त्रज्ञांनी अवकाशात क्ष-किरण सोडून त्या समूहाच्या आतलं चित्र मिळवलं. साहेब, इथंच घोटाळा झाला. ज्याने आयुष्यभर लोकांचे हात-पाय-छात्या काढल्या त्याला हे वाक्य असं खटकलं की चहा गार झाला.

आमच्याकडे गावातला माणूस एक्स-रे म्हणत नाही, "फोटो काढा" म्हणतो. तर दवाखान्यात फोटो कसा निघतो, एका बाजूला ट्यूब, मध्ये पेशंट, मागे कॅसेट, म्हणजे फिल्मची पेटी. ट्यूबमधून किरण निघतात, पेशंटमधून जातात, हाडाने अडवले तिथं फिल्म पांढरी राहते आणि जिथून निसटले तिथं काळी होते, म्हणजे आपण बघतो ती सावली असते, हाडाची सावली. आकाशात तसं काहीच नाही. तिथं ट्यूब कोणी लावलेली नाही. तिथं पेशंट स्वतःच ट्यूब आहे! किरण तोच सोडतो, आपण फक्त लांब कॅसेट धरून बसलोय.

आणि समजा सोडले असते किरण, तर? ज्या समूहाबद्दल मी पुढं सांगणार आहे तो ययाती तारकासमूहाच्या दिशेला आहे, इंग्रजीत पर्सियस म्हणतात, अंतर साधारण २४ कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे किरण जायला २४ कोटी वर्षं अन् परत यायला २४ कोटी. आपल्या खान्देशातला काळा दगड ज्या लाव्ह्यातून झाला तो लाव्हाच मुळी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आता तुम्हीच हिशोब करा रिपोर्ट कधी मिळाला असता. आमच्या दवाखान्यात लोक अर्ध्या तासाला कुरकुर करायचे.

आता तुम्ही म्हणाल या म्हाताऱ्याला हे सगळं कोणी सांगितलं. माझी भाची जळगावला एमएस्सी फिजिक्स करतेय. तिने प्रोजेक्टला विषय घेतला दीर्घिकांच्या समूहातून येणारे एक्स-रे. (तिने मला पहिल्याच दिवशी दटावलं, मामा आकाशगंगा हे आपल्या घरचं नाव आहे, बाकीच्यांना दीर्घिका म्हणायचं. तुमच्या बातमीतही ते चुकलंय पण ते जाऊ द्या, सगळेच चुकतात.) एक सर तिला म्हणाले की आपल्याकडे दुर्बीण कुठंय, हे पुण्या-मुंबईचे विषय, तू आपलं सोलर सेलवर काहीतरी कर. पोरगी हट्टी. नासाची चंद्रा म्हणून एक्स-रे दुर्बीण आहे, २३ जुलै १९९९ ला सोडली, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव दिलेलं आहे तिला, तर त्या दुर्बिणीचा डेटा साधारण वर्षभराने सगळ्या जगाला फुकट मोकळा होतो. कोणीही उतरवून घ्या. सॉफ्टवेअरही फुकट. तिने दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन जुन्या लॅपटॉपवर अन् मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्रभर त्या ययातीतल्या समूहाच्या फाइली उतरवल्या, माझ्या नेटपॅकची वाट लागली तो भाग वेगळा.

एका रात्री मला म्हणे, मामा या, तुमच्या कामाचं दाखवते. बघितलं तर फोटो नव्हताच तो, नुसती यादी. आकड्यांच्या ओळीच ओळी, लाखोंनी. म्हटलं हे काय लाईट बिल आहे का. तर म्हणे यातली एक ओळ म्हणजे एक फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, एक-एक करून मोजलेला, कधी आला, डिटेक्टरवर कुठं पडला, त्याची एनर्जी किती. म्हणजे तुमच्या फिल्मवर अब्जावधी एकदम पडायचे तसं नाही, इथं दारात बसून येणारा माणूस मोजायचा. आणि एक्सपोजर? मी छातीचा फोटो सेकंदाच्या दहाव्या भागात काढायचो, "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणेपर्यंत झालं. तिच्या एका फाइलचं एक्सपोजर एक लाख सेकंद होतं, म्हणजे जवळपास २८ तास. म्हटलं बरं झालं तिथं कोणाला श्वास रोखायला सांगावं लागत नाही.

मग ती सगळी यादी सॉफ्टवेअरमध्ये टाकली, थोडं इकडं तिकडं केलं, आणि स्क्रीनवर हळूहळू एक धुरकट गोळा उमटला. मध्ये पांढराशुभ्र, कडेला विरत गेलेला. आणि त्या पांढऱ्यात, मध्याच्या दोन्ही अंगाला, दोन काळसर गोल खड्डे. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "अरे ही तर कॅव्हिटी!" टीबीच्या पेशंटच्या छातीत अशीच दिसते, पांढऱ्या डागात काळा पोकळ गोल, हजारो बघितल्या असतील. पोरगी खो खो हसायला लागली. म्हणे मामा, शास्त्रज्ञ पण त्याला कॅव्हिटीच म्हणतात!

त्या कॅव्हिट्या कशामुळे झाल्या ते नंतर सांगतो, आधी तो धुरकट गोळा म्हणजे नेमकं काय, कारण तुमच्या बातमीत हाच मुद्दा पूर्ण गाळलाय आणि खरी गंमत तिथंच आहे. तो गोळा म्हणजे दीर्घिका नाहीत. दीर्घिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत भरलेला गॅस आहे तो.

आपल्या भाषेत सांगायचं तर रावेर-यावलचा केळीचा घड डोळ्यासमोर आणा. शेकडो केळी, फण्या-फण्यांनी लागलेली, तशा या समूहात शेकडो, कधी हजारभर दीर्घिका, एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. आता एक्सपोर्टवाले घडाला पातळ पिशवी घालतात ना स्कर्टिंग बॅग, तशी पिशवी आहे असं समजा. साध्या दुर्बिणीला नुसती केळी दिसतात. एक्स-रे दुर्बिणीला पिशवीतली हवा दिसते. आणि ही हवा वजनाला केळ्यांपेक्षा पाच-सहा पट जड! विश्वास बसत नाही ना, माझाही बसला नव्हता. पण दीर्घिकांमधले सगळेच्या सगळे तारे एका पारड्यात टाकले तरी हा न दिसणारा गॅस भारी भरतो, कारण जागाच एवढी अफाट आहे.

हा गॅस तापलेला किती, तर एक कोटी ते दहा कोटी अंश. सूर्याचा गाभा दीड कोटीचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ च्या वर गेलं की तुम्ही पहिल्या पानावर मोठ्ठा आकडा छापता, इथं तर मथळ्यात शून्यं मावणार नाहीत. पण गंमत अशी की त्या गॅसमध्ये हात घातला तर उष्णतेने हात भाजणार नाही, कारण तो कमालीचा विरळ आहे. लिटरभर पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत सरासरी एखादा कण, अगदी मध्यभागी फार तर पाच-पन्नास. फुलबाजीची ठिणगी हातावर पडते तेव्हा ती हजार अंशाच्या आसपास असते तरी चटका लागत नाही आणि वाफाळलेला चहा सांडला तर फोड येतो, तसलंच हे. किती तापलंय आणि किती उष्णता आहे या दोन वेगळ्या गोष्टी.

एवढा तापला कसा? तिथं चूल कोणी पेटवलेली नाही, ते गुरुत्वाकर्षणाचं काम. एवढ्या सगळ्या वस्तुमानाने इतकी खोल विहीर तयार झालीय की आजूबाजूचा गॅस तिच्यात सेकंदाला हजार-हजार किलोमीटरच्या वेगाने कोसळला, आपटला, आणि त्या आपटण्यातून तापला. आणि विरळ असल्यामुळं गार व्हायला त्याला इतका वेळ लागतो की बाहेरच्या भागात तर विश्वाचं आजवरचं वयसुद्धा पुरत नाही.

आता माझा खास मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर पेन उचललं. डिप्लोमाला आम्हाला एक जर्मन शब्द घोकायला लावला होता, ब्रेम्सस्ट्रालुंग. परीक्षेत स्पेलिंगला मार्क कापले होते म्हणून अजून लक्षात आहे. अर्थ साधा, ब्रेक लागल्यामुळे निघणारे किरण. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सुसाट येतो, टंगस्टनच्या टार्गेटवर त्याला ब्रेक लागतो, गमावलेली एनर्जी एक्स-रे म्हणून बाहेर पडते (आणि ९९ टक्के नुसती उष्णता होऊन वाया जाते, म्हणून तर ट्यूब तापते आणि लायनीतले पेशंट थांबवावे लागतात). तर साहेब, त्या समूहातल्या गॅसमध्ये तेच चाललंय! सुसाट इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या शेजारून जाताना वळतो, ब्रेक लागतो, एक्स-रे निघतो. तोच शब्द, तेच फिजिक्स. एकीकडे भिंतीला लटकवलेली माझी जुनी ट्यूब, दुसरीकडे लाखो प्रकाशवर्षं पसरलेला गॅस. भाचीच्या पुस्तकात तो शब्द दिसला आणि मला कॉलेजातला जुना दोस्त एकदम स्टँडवर भेटल्यासारखं झालं.

फरक एवढाच की तिथले किरण फार मऊ. आम्ही छातीला ६० ते १०० किलोव्होल्ट लावायचो, तिथले बहुतेक फोटॉन एक ते दहा किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मधले (फोटॉनची एनर्जी त्यात मोजतात). असले मऊ किरण आम्हाला नकोच असतात, ते पेशंटच्या कातडीतच मुरतात, फिल्मपर्यंत येत नाहीत, म्हणून ट्यूबच्या तोंडाशी अॅल्युमिनिअमचा फिल्टर लावून आम्ही ते गाळून टाकतो. म्हणजे ३१ वर्षं मी जो कचरा म्हणून गाळला त्यावर हे लोक विश्वाचा अभ्यास करतात!

आणि म्हणूनच हे काम जमिनीवरून होत नाही. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिचं वजन दहा मीटर पाण्याएवढं आहे, दहा मीटर पाण्याच्या भिंतीतून हे मऊ किरण काय येणार. त्यामुळे वर जावंच लागतं. १९६२ ला रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या लोकांनी रॉकेटवर डिटेक्टर बांधून वर पाठवला, बघायचा होता चंद्र आणि सापडला वृश्चिक राशीतला एक भलताच तेजस्वी स्रोत. मग १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळून समुद्रातल्या फलाटावरून उहुरू नावाचा उपग्रह सोडला, तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन, स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. हे एक्स-रे एखाद्या ठिपक्यातून नाही तर समूहाच्या अख्ख्या पसाऱ्यातून येतात हे उहुरूमुळेच कळलं. जियाकोनींना २००२ ला नोबेल मिळालं. दुर्बिणीचे आरसेही वेगळेच, सरळ आपटले तर एक्स-रे आरशात घुसून जातात, म्हणून चपटा दगड नदीत आडवा फेकल्यावर जसा टप्पे घेत जातो तसं त्यांना अगदी तिरकं घासून न्यायचं. चंद्रा दुर्बिणीचे आरसे इरिडियमचा मुलामा दिलेले आहेत, दिसायला पिंपासारखे, एकात एक बसवलेले.

आपल्या देशाचंही यात काम आहे बरं का. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरीकोट्याहून अॅस्ट्रोसॅट गेला, त्यावरची मऊ एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली. पुण्याला नारळीकर सरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिथल्या अन् आयसर या विज्ञान संस्थेच्या लोकांनी २०१७ ला मीन राशीच्या दिशेला समूहांचाही महासमूह शोधला, ४३ समूह आहेत त्यात, नाव ठेवलं सरस्वती. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण याच समूहांमधले रेडिओ किरण ऐकते, भुजंगधारीच्या दिशेला एका समूहात झालेल्या महाभयंकर स्फोटाच्या खुणा २०२० ला जाहीर झाल्या त्यात चंद्रा दुर्बिणीबरोबर खोडदचाही डेटा होता. पुरवणीत एवढी जागा होती तर यातलं एक वाक्य तरी यायला हवं होतं.

कॅव्हिटीचं राहिलं. त्या समूहाच्या मध्यावरच्या दीर्घिकेत एक प्रचंड कृष्णविवर आहे, ते दोन्ही बाजूंना फवारे मारतं, त्या फवाऱ्यांनी गरम गॅस बाजूला ढकलला जातो आणि हजारो प्रकाशवर्षांचे बुडबुडे तयार होतात. मधला गॅस दाट म्हणून तो खरं तर लवकर गार व्हायला हवा, त्यातून धडाधड तारे जन्मायला हवेत, पण तेवढे काही दिसत नाहीत. म्हणजे कोणीतरी आतून ऊब देतंय. भाची म्हणे ते कृष्णविवरच फुंकणीसारखं अधूनमधून फुंकर मारतं आणि निखारा विझू देत नाही. त्या फुंकरीच्या लाटा गॅसमध्ये पसरलेल्या चंद्रा दुर्बिणीला दिसल्यात, २००३ ला जाहीर झालं, लाटा म्हणजे आवाजच, आणि त्याचा सूर काढला तर पेटीवरची काळी पाच, फक्त मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. एक लाट जायला सुमारे ९६ लाख वर्षं. आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तठे तबला कोन धरस?"

अजून एक. कुठल्या एनर्जीचे फोटॉन किती आले याचा जो आलेख निघतो त्यात ६.७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला लोखंडाचा उंचवटा येतो, १९७६ ला ब्रिटनच्या एरियल-५ ने याच समूहात पहिल्यांदा पकडला. भाचीच्या आलेखात तो ६.५८ वर होता, मला वाटलं पोरीने चूक केली, तर नाही, समूह आपल्यापासून लांब जातोय म्हणून तो घसरलाय. लोखंड ताऱ्यांच्या पोटात बनतं, तारे फुटले की बाहेर फेकलं जातं, म्हणजे त्या गॅसमध्ये मेलेल्या ताऱ्यांची राख मिसळलेली आहे, सूर्यात जेवढ्या प्रमाणात लोखंड आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आणि त्याच आलेखाच्या उतारावरून तिने गॅसचं तापमान काढलं, पाच कोटीच्या आसपास आलं. मी थर्मामीटर न लावता ताप सांगणाऱ्या एका जुन्या डॉक्टरांबरोबर काम केलंय, पण हे म्हणजे फारच झालं.

तापमान कळलं की वजन कळतं. एवढा तापलेला गॅस उडून का जात नाही, कारण कोणीतरी त्याला धरून ठेवलाय. किती जोराने धरलाय ते काढलं की तिथं एकूण माल किती तो आकडा येतो, आणि तो तारे अधिक गॅस या दोन्हींच्या बेरजेपेक्षा पाच-सहा पट निघतो. बाकीचा माल दिसतच नाही. हीच गडबड फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ ला अरुंधती केशातल्या समूहात दीर्घिकांच्या वेगावरून पकडली होती, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. २००६ ला मात्र बुलेट नावाच्या जोड-समूहाने दाखवून दिलं. तिथं दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. दोन मुठी ज्वारी घ्या, दोन्हींत थोडं पीठ मिसळा, समोरासमोर फेका, दाणे बहुतेक निघून जातील पण पिठाचा ढग मध्येच अडकेल. तसा गॅस मध्ये अडकला, तो एक्स-रेत दिसतो, पण वजन मोजलं तर ते पिठाजवळ नाही, दाण्यांबरोबर पुढं गेलेलं. म्हणजे वजनदार माल तो वेगळाच, जो ना दिसतो ना कशाला आपटतो. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते नेमकं काय आहे हे अजून कोणालाच माहीत नाही.

तर साहेब, विनंती एवढीच की येत्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापावा, की किरण कोणी सोडले नाहीत, ते तिकडूनच आले. आणि पुन्हा असा फोटो छापाल तेव्हा खाली बारीक अक्षरात लिहा की तो निळा-जांभळा रंग नंतर भरलेला असतो, एक्स-रेला रंग नसतो. भाचीने मला तिचा फोटो काळा-पांढराच प्रिंट करून दिलाय, पारदर्शक शीटवर. दवाखान्यातून भंगारात निघालेला एक जुना व्ह्यू बॉक्स मी घरी आणलेला होता, त्याच्यावर लावला आणि लाईट चालू केला. मंडळी स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "कोनी छाती शे हाई?"

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, अमळनेर (जि. जळगाव)